शरीर आजारी, मन निरोगी : सिकलसेलसोबत जगण्याचा धम्मपाठ



सिकलसेलचे निदान झाले की घरातून पहिला प्रश्न येतो, "हे कधी बरे होईल?" डॉक्टर सांगतात, आजार जन्मापासूनचा आहे, औषध कायम घ्यावे लागेल. हे उत्तर ऐकून पुष्कळ घरे गप्प होतात. मुलाला सहलीला पाठवत नाहीत. मुलीची शाळा सुटते. तरुण मुलगा नोकरीचा अर्ज भरत नाही. "थोडे बरे वाटू दे, मग पाहू," असे म्हणत एकेक गोष्ट पुढे ढकलली जाते. आजार मात्र पुढे ढकलला जात नाही. अशी वर्षे निघून जातात आणि माणूस जगायचे राहून जातो.

दारव्हा तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. म्हणून वर्षावासातल्या धम्मवर्गात वाचता येईल असा हा पाठ तयार केला आहे. आयुष्यभराचा आजार असताना आयुष्याची गोडी कशी टिकवायची, हा त्याचा विषय आहे. रोजचे औषध आणि रोजचा आनंद या दोन गोष्टी एकमेकींच्या आधाराने चालतात, एवढेच यातून सांगायचे आहे. ज्यांच्या घरी मधुमेह, दमा, रक्तदाब किंवा संधिवात आहे, त्यांनाही यातले बरेच उपयोगी पडेल.

आजार आहे तरी काय?

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात. बारीक रक्तवाहिन्यांतून त्या सहज सरकतात. सिकलसेलमध्ये या पेशींतले हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचे असते. शरीरात पाणी कमी पडले, थंडी वाजली, ताप आला, प्राणवायू कमी पडला की या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. मग त्या बारीक वाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त पोचत नाही आणि तिथे जीवघेण्या वेदना सुरू होतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रुग्णाचे रक्त कमी राहते, डोळे पिवळे दिसतात, दम लागतो.

हा आजार आई आणि वडील या दोघांकडून येतो. एकाकडूनच सिकलचा गुण आला तर माणूस वाहक असतो. त्याला एएस म्हणतात. तो बहुतेक वेळा निरोगी आयुष्य जगतो. दोघांकडून आला तर माणूस रुग्ण असतो. त्याला एसएस म्हणतात. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून दुसरे निरोगीच होईल, असा हिशेब लागत नाही. दर वेळी शक्यता तेवढीच राहते.

हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणावर झोपल्याने होत नाही.

पाप नाही, शाप नाही, करणी नाही

"आमच्याच समाजात का?" असेही विचारले जाते. याचे उत्तर विज्ञानाने दिले आहे. सिकलचा एकच गुण असलेल्या माणसाला मेंदूपर्यंत जाणाऱ्या घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. ज्या भागांत हजारो वर्षे मलेरिया होता, तिथे हा गुण असलेली माणसे जास्त जगली. म्हणून आफ्रिका, अरबस्तान आणि मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात हा गुण टिकून राहिला. आपल्या पूर्वजांना ज्याने तापातून वाचवले, त्याचाच दुहेरी वाटा एखाद्या बाळाला त्रास देतो. यात पूर्वजन्मीचे पाप कुठे आले?

नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, मध्य भारतातील सिकलसेलबद्दल डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. धम्माने आपल्याला कारण शोधायला शिकवले आणि विज्ञानाने या आजाराचे कारण सापडवून दिले. तरीही वेदना उठली की अंगारा, ताईत आणि मांत्रिक यांच्यामागे एक दिवस जातो. त्या एका दिवसात न्यूमोनिया छातीत पसरू शकतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने तो दिवस वाया घालवू नये.

आणखी एक अन्याय थांबवायचा आहे. मूल आजारी निघाले की सासरचे लोक सुनेला बोल लावतात. मूल रुग्ण आहे याचा अर्थच असा की गुण दोन्ही बाजूंनी आला आहे. एकट्या आईला दोष देणे विज्ञानाच्या दृष्टीने खोटे आणि धम्माच्या दृष्टीने अकुशल आहे.

नकुलपित्याला मिळालेले उत्तर

नकुलपिता नावाचे एक वृद्ध गृहस्थ भगवान बुद्धांकडे आले. वय झालेले, शरीर सतत दुखणारे. आपल्याला हिताचे काही सांगावे, अशी त्यांनी विनंती केली. तथागतांनी त्यांना खोटा धीर दिला नाही. शरीर आजारी आहे हे त्यांनी मान्य केले. शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ देणार नाही, असा अभ्यास करा, असे त्यांनी सांगितले. पुढे सारिपुत्तांनी या उपदेशाचा अर्थ उलगडून दाखवला.

हा अभ्यास कसा करायचा? दोन बाणांच्या दाखल्यातून तो समजतो. माणसाला एक बाण लागतो, ती शरीराची वेदना. मग तो रडतो, चिडतो, "माझ्याच वाट्याला का?" म्हणून झुरतो. तो दुसरा बाण, मनाचा. पहिला बाण आपल्या हाती नसतो. दुसरा मात्र अभ्यासाने टाळता येतो.

याचा एक चुकीचा अर्थ काढला जातो, त्यापासून सावध राहा. "धम्म मानतोस ना, मग सहन कर," असे रुग्णाला सांगणे म्हणजे धम्म नव्हे. पहिल्या बाणावर औषध आहे आणि ते घ्यायचेच. सिकलसेलची वेदना खरी असते, बाहेरून दिसत नसली तरी. अंगावर सूज नाही, जखम नाही, म्हणून "नाटक करतो" असे म्हणणारा माणूस रुग्णाला दुसरा बाण मारत असतो.

स्वतः तथागतांचे शरीरही थकले होते. वयाच्या ऐंशीव्या वर्षी, शेवटच्या वर्षावासात, वैशालीजवळच्या बेलुव गावी ते फार आजारी पडले. त्या दुखण्यातून उठल्यावर त्यांनी आनंदाला आपल्या शरीराची तुलना एका जुन्या गाडीशी करून सांगितली. दोरांनी आवळून बांधली म्हणून चालणारी गाडी. आपल्या भागात बंडी जुनी झाली की तिलाही असेच बांधून वावरात नेतात. पुढे चापाल चैत्यापाशी बसले असताना याच तथागतांनी वैशाली किती रमणीय आहे, तिथली चैत्ये किती रमणीय आहेत, असे आनंदाला म्हटले. शरीर कसे आहे हे त्यांना ठाऊक होते. तरीही समोरचे सुंदर त्यांना सुंदर दिसत होते आणि ते बोलून दाखवावेसे वाटत होते. आजारपणात जगण्याची गोडी कशी टिकवावी, याचा यापेक्षा मोठा दाखला आपल्याला शोधावा लागणार नाही.

बाबासाहेबांचे आजारपण

बाबासाहेब शेवटची कितीतरी वर्षे आजारी होते. मधुमेह होता, रक्तदाब होता, पायांच्या नसांचे दुखणे होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला. त्याच पुढे माईसाहेब झाल्या. त्या स्वतः डॉक्टर होत्या. औषध, पथ्य आणि जेवणाच्या वेळा यांवर त्यांचे लक्ष असे. याच काळात संविधानाचा मसुदा तयार होत होता आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथही आजारपणातच लिहिला गेला. त्यासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या दुखण्याचा उल्लेख केला आहे आणि माईसाहेब व डॉ. मालवणकर यांच्या उपचारांबद्दल कृतज्ञता व्यक्त केली आहे. एवढा स्वाभिमानी माणूस आपला आजार लपवत नाही आणि उपचार करणाऱ्यांचे ऋण मानतो, हे आपण नीट लक्षात घेतले पाहिजे. दुखण्याच्या त्या वर्षांत ते व्हायोलिन शिकत होते. पुस्तके होती, बाग होती. दीक्षेच्या वेळी त्यांना उभे राहायला आधार लागत होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये ते काठमांडूला बौद्ध परिषदेला गेले. ६ डिसेंबरला त्यांचे परिनिर्वाण झाले.

बाबासाहेबांसारखे अहोरात्र राबा, असे यावरून कोणा रुग्णाला सांगायचे नाही. त्यांच्यापासून तीन गोष्टी घ्यायच्या आहेत : आजार लपवायचा नाही, डॉक्टरांचे ऐकायचे, आणि जे प्रिय आहे ते बरे होण्याची वाट न पाहता करायचे.

जगातल्या वैद्यकीय ग्रंथांत ज्याच्यामुळे सिकलसेलची पहिली नोंद झाली, त्या माणसाची गोष्टही अशीच आहे. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरचा काळा तरुण १९०४ मध्ये दंतवैद्यक शिकायला शिकागोला गेला. तिथे तो वारंवार आजारी पडला. त्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींचे वर्णन डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी या आजारावर औषध नव्हते. तरी नोएलने शिक्षण पूर्ण केले, मायदेशी परत जाऊन दवाखाना काढला आणि १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत लोकांचे दात तपासले. आज आपल्याकडे औषध आहे, तपासणी आहे, लस आहे. त्याच्याहून कितीतरी जास्त आधार आपल्या मुलांच्या पाठीशी आहे.

रुग्णाचे पाच गुण

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू जुलाबाने आजारी, आपल्याच घाणीत पडलेला. कोणी विचारत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. त्या वेळी त्यांनी कोणत्या रुग्णाची सेवा सोपी जाते, त्याचे पाच गुण सांगितले. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी सिकलसेलच्या रुग्णाला आजही लागू पडते.

१. जे मानवते ते करतो. सिकलसेलला पाणी मानवते. मोठ्या माणसाने दिवसाला साधारण तीन लिटर पाणी प्यावे. उन्हाळ्यात आणि तापात त्याहून जास्त. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे. वरण, उसळ, पालेभाजी, भाकरी, जमेल तेव्हा अंडी असा साधा ताजा आहार पुरतो. थंडीत पहाटे कापूस वेचायला जाताना कान, हात, पाय झाकलेले असावेत. विहिरीच्या किंवा नदीच्या गार पाण्यात एकदम उतरू नये. खर्रा, विडी आणि दारू मानवत नाही. दारूने शरीरातले पाणी कमी होते, धुराने फुप्फुस खराब होते. पाचवे शील इथे औषधाचेच काम करते.

२. मात्रा जाणतो. काम करावे, पण दम लागेपर्यंत नाही. तासाभराने सावलीत बसावे, पाणी प्यावे. मुलांना खेळू द्यावे आणि थकल्यावर थांबायची मुभा द्यावी. दिवसभर निजून राहणेही बरे नाही.

३. औषध घेतो. फॉलिक अॅसिडची गोळी नवे रक्त तयार व्हायला मदत करते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वेदनेचे झटके कमी करते. त्याने शरीरात बाळपणीच्या प्रकारचे हिमोग्लोबिन वाढते आणि पेशी कमी वाकतात. त्याचा गुण दिसायला काही महिने लागतात. ते रोज घ्यावे लागते आणि ठरलेल्या वेळी रक्त तपासावे लागते. बरे वाटते म्हणून बंद करू नये, दुखते म्हणून दोन गोळ्या घेऊ नयेत. मूल हवे असेल तर नवरा असो की बायको, आधी डॉक्टरांशी बोलावे. लहान मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस फार महत्त्वाची आहे. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. सिकलसेलमध्ये रक्त कमी असण्याचे कारण दर वेळी लोहाची कमतरता नसते.

४. दुखणे आहे तसे सांगतो. कुठे दुखते, कधीपासून, किती, काल काय घेतले, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. वाढवूनही नाही आणि लपवूनही नाही. कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर "मला सिकलसेल आहे" हे पहिले वाक्य असावे. बाळंतपण किंवा ऑपरेशन असेल तर भूल देण्याआधी हे सांगणे अत्यावश्यक आहे.

५. वेदना आली तर धीर धरतो. धीर म्हणजे घरी बसून राहणे नव्हे. सौम्य वेदनेत पाणी प्यावे, दुखऱ्या भागाला गरम कपड्याने शेक द्यावा, बर्फ लावू नये, डॉक्टरांनी सांगून ठेवलेली गोळी घ्यावी, श्वासावर लक्ष ठेवून पडून राहावे. दुकानातून मनाने दुखण्याच्या जालीम गोळ्या आणू नयेत. त्या मूत्रपिंडाला इजा करतात.

सेवा करणाऱ्याचे पाच गुण

त्याच प्रसंगी तथागतांनी सेवा करणाऱ्याचेही पाच गुण सांगितले. त्याला औषध देता येते. काय मानवते आणि काय मानवत नाही हे तो ओळखतो. तो मैत्रीभावाने सेवा करतो, काही मिळावे म्हणून नाही. मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची त्याला किळस येत नाही. आणि तो रुग्णाशी धम्माविषयी बोलून त्याचे मन प्रसन्न करतो.

शेवटचा गुण पुन्हा वाचा. रुग्णाशी बोलून त्याचे मन प्रसन्न करणे हे तथागतांनी सेवेतच मोजले आहे. आपल्या घरी ही सेवा बहुतेक आईच्या किंवा मोठ्या बहिणीच्या एकटीच्या वाट्याला येते. ती रात्रभर पाय चेपते आणि सकाळी मजुरीला जाते. ती आजारी पडली तर दोघेही पडतील. वडिलांनी, भावाने, काकाने रात्री वाटून घ्याव्यात. महिला मंडळाने आठवड्यातून एक दुपार तिला सुट्टी द्यावी. रुग्णाजवळ कोणीतरी येऊन बसेल आणि ती आपल्या मैत्रिणीकडे जाऊन येईल.

ताबडतोब दवाखाना

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

• १०१ फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप
• छातीत दुखणे, धाप लागणे, खोकल्यासोबत ताप
• हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलता न येणे, अचानक तीव्र डोकेदुखी, झटके येणे
• मूल एकाएकी पांढरेफटक पडणे, पोट डाव्या बाजूला फुगणे. बाळाची पांथरी बोटांनी कशी तपासायची ते आईने नर्सताईंकडून शिकून घ्यावे
• घरच्या गोळीने आणि पाण्याने कमी न होणारी वेदना
• मुलाच्या किंवा पुरुषाच्या लिंगाला वेदनेसह आलेला ताठरपणा, जो उतरत नाही. चार तास व्हायच्या आत पोचले पाहिजे. यात लाज बाळगू नये

जवळचे सरकारी रुग्णालय दारव्ह्यात आहे. पुढच्या उपचारासाठी यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कार्ड, जुने कागद आणि औषधाची चिठ्ठी एका पिशवीत घालून ती दारामागे अडकवून ठेवा. मध्यरात्री शोधाशोध नको.

बऱ्या दिवसांचे काय करायचे?

सिकलसेलच्या रुग्णालाही बरे दिवस असतात. बहुतेकांना तर ते वाईट दिवसांहून पुष्कळ जास्त असतात. मन मात्र वाईट दिवसच मोजते. त्यासाठी काही साधे अभ्यास आहेत.

एक वही करा. पानाच्या मधोमध रेघ ओढा. डाव्या बाजूला पाणी, औषध, ताप, वेदना लिहा. उजव्या बाजूला त्या दिवशी जे चांगले वाटले ते एक वाक्य लिहा. पावसानंतर वावराचा वास, मैत्रिणीने ठेवलेली जागा, भाचीने म्हटलेले बुद्धगीत, आजीच्या हातची भाकरी, काहीही चालेल. डावी बाजू डॉक्टरांना दाखवा. उजवी बाजू वाईट दिवशी स्वतः वाचा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला सांगून लिहवून घ्या.

रोज दहा मिनिटे आनापान करा. श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढेच पाहायचे. वेदना नसताना हा सराव झाला तर वेदनेच्या वेळी मनाला ती वाट ओळखीची असते. आनापानाने विळ्यासारखी पेशी गोल होत नाही, म्हणून गोळी सोडायची नाही. घाबरून धडधडणारे मन मात्र त्याने शांत होते.

ज्याने आपल्याला आनंद होतो असे एक काम ठरवा आणि ते "बरे झाल्यावर" या कप्प्यात टाकू नका. शिवणकाम, हार्मोनियम, वाचन, लहान मुलांची शिकवणी. रुग्ण हा घेणाराच असतो असे नाही. दहावीतली सिकलसेलची मुलगी चौथीतल्या चार मुलांना गणित शिकवू शकते. आपला कोणाला उपयोग होतो, ही जाणीव माणसाला उभे करते.

सण आणि मेळावे सोडू नका, तयारीने जा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. पाण्याची मोठी बाटली, चादर, स्वेटर, औषधे आणि कार्ड जवळ ठेवा. रात्री उघड्यावर झोपू नका. एकटे जाऊ नका. गटातल्या एकाला तरी आजाराची माहिती असू द्या.

मन तरीही उठत नसेल, झोप उडाली असेल, जगूच नये असे वाटत असेल, तर ते मनाचे दुखणे आहे आणि त्यावरही उपचार आहेत. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही.

लपवणे सोडा, हक्क घ्या

सिकलसेल सगळ्यात जास्त लपवला जातो तो लग्नाच्या वेळी. आपण बौद्ध लोक पत्रिका जुळवत नाही. रक्ताचा अहवाल मात्र जुळवला पाहिजे. सोल्युबिलिटी ही पहिली चाचणी बोटातल्या थेंबभर रक्तावर होते. ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने वाहक की रुग्ण हे पक्के कळते. वाहकाने निरोगी जोडीदाराशी लग्न केले तर मूल रुग्ण होत नाही. तपासणीचा उपयोग जोडी समजून ठरवण्यासाठी आहे, माणसाला नाकारण्यासाठी नाही. दोन वाहकांचे लग्न आधीच झाले असेल तर गरोदरपण कळताच डॉक्टरांना सांगावे. गर्भाची तपासणी मोठ्या केंद्रांत होऊ शकते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. त्याचे उद्दिष्ट २०४७ पर्यंतचे आहे. गावात तपासणी आली की घर बंद करून बसू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात विचारा. शाळेत मुख्याध्यापकांना लेखी कळवा, म्हणजे वर्गात पाण्याची बाटली ठेवणे, लघवीला जाऊ देणे, परीक्षेत जादा वेळ या गोष्टी मागता येतात. एसटीच्या प्रवास सवलतींत सिकलसेलचे रुग्ण येतात. त्याचे नियम आणि लागणारे कागद दारव्हा आगारात विचारून घ्या. हे कोणाचे उपकार नाहीत. आजारी माणसालाही शिकण्याचा, कमावण्याचा आणि मानाने जगण्याचा अधिकार आहे, हीच आपल्या चळवळीची शिकवण आहे.

धम्मवर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात "बरे झाल्यावर" म्हणून कोणती गोष्ट थांबली आहे? ती थोड्या प्रमाणात या आठवड्यात कशी सुरू करता येईल?
२. रुग्णाच्या पाच गुणांपैकी कोणता आपल्याला सर्वात अवघड जातो? का?
३. आपल्या वस्तीत रात्री रुग्णाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी कोणाची, सोबत कोण, घरातल्या लहान मुलांजवळ कोण? नावे आजच लिहून विहारात लावा.
४. दोन बाणांपैकी दुसरा बाण आपण नकळत कोणाला मारतो का?

पुढच्या धम्मवर्गाला येताना प्रत्येक घराने आपल्या वहीच्या उजव्या बाजूचे एक वाक्य वाचून दाखवावे.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम. नमो बुद्धाय.